भुजंगधारीतला वक्तशीर

याला नाव नाही, नंबर आहे: जे 1713+0747. आकाशातल्या पत्त्यावरूनच तो पडला. मुक्काम भुजंगधारी तारकासमूहात. जूनमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास जामखेडकरांच्या जवळजवळ डोक्यावर असतो, पण डोळ्यांना दिसत नाही. हा बोलतो रेडिओ लहरींत, आणि 1993 पर्यंत ते बोलणं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

अंगकाठी लहान. जामखेडहून खर्ड्याला जावं एवढाच व्यास, वीस-पंचवीस किलोमीटर. वजन मात्र सूर्याहून जास्त, आणि तेवढं अंगावर घेऊन हा गडी सेकंदाला सुमारे 219 गिरक्या घेतो. मेलेल्या ताऱ्याचा हा उरलेला गाभा, म्हणजे स्पंदक. शेजारी एक श्वेत बटू आहे. त्याच्या अंगावरचं द्रव्य ओढून घेतलं, तेव्हा म्हातारपणी याला हा वेग आला. जोडीदार त्यात पार झिजला, पण कौतुक होतं ते याचंच.

कौतुक वक्तशीरपणाचं. प्रत्येक गिरकीला एक ठोका, आणि तो कधी पोचणार हे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही बारीक हिशेबात आधी सांगता येतं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आज जो ठोका टिपतात, तो निघाला तेव्हा आपल्याच जिल्ह्यात दायमाबादला ताम्रपाषाणयुगीन वस्ती नांदत होती.

असा माणूस उशिरा आला, तर वाटेत काहीतरी घडलं असं समजायचं. दोन दीर्घिका एक होतात, त्यांच्या पोटातली कोट्यवधी सूर्यांच्या वजनाची कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरू लागतात आणि अवकाशच ताणतं, आखडतं. हीच गुरुत्वीय लाट. ठोका किंचित मागेपुढे होतो. लायगो वेधशाळेने 14 सप्टेंबर 2015 ला पकडलेली गुरुत्वीय लाट सेकंदाच्या पाचव्या हिश्शात आटोपली होती. दीर्घिकांच्या पोटातल्या या कृष्णविवरांच्या लाटेच्या मात्र एका हेलकाव्याला वर्षानुवर्षं लागतात.

एकट्याच्या साक्षीवर मात्र निकाल लागत नाही. युरोपीय आणि भारतीय शास्त्रज्ञांनी 25 स्पंदकांचे ठोके ताडून पाहिले, खोडदच्या नोंदी त्यात जोडल्या आणि 29 जून 2023 ला सांगितलं: अशा लाटांची गाज ऐकू येते आहे. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीनमधल्या गटांनीही त्याच सुमारास तेच सांगितलं. पहिला संशय कृष्णविवरांच्या जोड्यांवर. विश्वाच्या जन्मकाळच्या उलथापालथींनाही अजून सोडलेलं नाही.

एप्रिल 2021 मध्ये मात्र या वक्तशीराने घोळ घातला. ठोक्याचा तोंडावळाच अचानक बदलला. खोडदच्या नोंदींतही ते स्पष्ट दिसलं. मग कित्येक महिने हळूहळू सावरत राहिला. लाटेचा इथे काही संबंध नव्हता. बिघाड याच्याच घरचा. तेव्हापासूनचे ठोके वेगळे तपासून घ्यावेत, हे बरोबरच. पण आधीची एवढ्या वर्षांची साक्ष बाद करण्याचं कारण नाही.