मनीला चालेल का?

आमच्या घरात पिसवांचं औषध ठरवायचा अधिकार मनीचा आहे. मनी म्हणजे मांजर, वजन जेमतेम साडेतीन किलो. शेरू कुत्रा, तिच्या पाचपट. औषधाचा बहुतेक खर्च शेरूवर होतो, पण दुकानात बाटली हातात घेतली की मी पहिल्यांदा विचारते, हे मांजराला चालतं का? कारण दुपारी दोघं एकाच गोणपाटावर झोपतात आणि मनी शेरूचे कान चाटून साफ करते. त्याच्या अंगावर जे लागेल ते तिच्या पोटात जाणार.

आम्ही सिल्वासाला आमलीत राहतो. तळमजल्यावरचं घर, मागे हातभर अंगण. ह्यांची नोकरी पिपरियाच्या औद्योगिक वसाहतीत आणि शेरू तिथल्याच एका फाटकावरून घरी आलेला. मी खानवेलकडच्या मराठी शाळेत शिकवते. दमणगंगेच्या या खोऱ्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात कोसळतो. गोधड्या वाळत नाहीत, भिंतींना ओल चढते. थंडी इथे नावापुरतीच, त्यामुळे पिसवांना सुट्टी अशी नसतेच. थंड देशांतल्या घरांना चालतं तसं चार-सहा महिने औषध बंद ठेवणं इथे परवडत नाही.

शेरू आला त्याच पावसाळ्यात त्याने शेपटीच्या मुळाशी चावून चावून केस उडवले. पिसू मात्र एकही दिसेना. वापीला ज्या डॉक्टरांकडे नेलं त्यांनी त्याच्या पाठीवर बारीक दातांचा कंगवा फिरवला, निघालेले काळे कण ओल्या कापसावर टेकवले आणि कापूस माझ्यापुढे धरला. कणांभोवती लालसर डाग पसरत होता. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे शेरूचंच पचलेलं रक्त. मग त्यांनी शेपूट उचलून दाखवली. तिथे तांदळाच्या कणीसारखं काहीतरी चिकटलेलं होतं आणि हळूच हलत होतं. तो पट्टकृमीचा तुकडा.

मी जंत आणि पिसवा ही दोन वेगळी दुखणी समजत होते. घरोघरी तसंच समजतात. या पट्टकृमीचं मात्र पिसवेवाचून पान हलत नाही. त्याची अंडी पिसवेची अळी खाते, अळीची पिसू होते, कुत्रा अंग चावताना ती पिसू गिळतो आणि कृमी त्याच्या आतड्यात वाढू लागतो. म्हणजे जंताची गोळी कितीही चांगली दिली, तरी अंगावर पिसवा राहिल्या तर काही आठवड्यांत कण्या पुन्हा दिसणार. लहान मुलाच्या तोंडात अशी पिसू गेली तर त्यालाही हा कृमी होऊ शकतो. माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता, शेरूच्या पोटावर डोकं ठेवून कार्टून बघणारा.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिण्याआधी एकच प्रश्न विचारला, "घरात आणखी कोण कोण आहे?" चिठ्ठी त्या उत्तरावर ठरली.

कारण आमच्याकडे सहज मिळणारं औषध म्हणजे गुरांच्या गोचिडीचं. या भागात घराघरात म्हशी, शेळ्या, कोंबड्या. एका दुकानदाराने विचारायच्या आतच ती बाटली काढून ठेवली आणि पाण्यात किती घालायची तेही सांगितलं. त्यात डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन असतं. गोठ्यात ते उपयोगाचं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण या कुळातली औषधं मांजराच्या यकृताला नीट मोडता येत नाहीत. परमेथ्रिन तर खास कुख्यात. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांत ते असतं. ते ओले असताना मांजर कुत्र्याला बिलगलं, तरी त्याला थरथर सुटते, झटके येतात, जीवही जातो. पुडक्यावर मांजराच्या चित्रावर फुली असते, तीही अंगठ्याच्या नखाएवढी.

राहिले तीन मार्ग. फिप्रोनिलचा फवारा, मानेवरचे थेंब, नाहीतर चघळायची गोळी. फवारा जुना आणि भरवशाचा, अगदी लहान पिल्लांनाही चालणारा; पण शेरूएवढ्या कुत्र्याला कातडीपर्यंत भिजवायचं तर बाटलीचा बराच भाग जातो आणि पावसाळ्यात तो वाळता वाळत नाही. थेंब कातडीच्या तेलातून अंगभर पसरतात, म्हणून टाकण्याआधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ नको. चिखलात लोळून येणाऱ्या कुत्र्याला हा नियम कोण समजावणार? पिसवांचा शाम्पू मी मोजतच नाही. त्या दिवशी अंगावर असलेल्या पिसवा मरतात, दुसऱ्या दिवशी जमिनीवरच्या चढतात.

म्हणून शेरूला गोळी. अफॉक्सोलॅनरची महिन्याला एक, फ्लुरालॅनरची एक पिसवांवर बारा आठवडे पुरते, गोचिडीच्या काही जातींवर त्याहून कमी. औषध रक्तात राहतं, केसांवर काही नाही, मनीने कितीही कान चाटले तरी हरकत नाही. किंमत ऐकून ह्यांनी गोळी परत द्यायला सांगितली होती. मग मी किमतीला बारा आठवड्यांनी भागून दाखवलं आणि शाम्पूच्या रिकाम्या बाटल्या पुढे मांडल्या. ही गोळीही सरसकट कुणालाही द्यायची नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर 2018 मध्ये या गटातल्या औषधांनी काही जनावरांना झटके येऊ शकतात असा इशारा दिला होता. आमच्या डॉक्टरांनीही शेरूला कधी फिट आली होती का, हे विचारूनच गोळी लिहिली. मनीला फिप्रोनिल आणि मेथोप्रीनचे मांजरांसाठीचे थेंब, मानेवर, जिथे तिची जीभ पोचत नाही. मेथोप्रीनमुळे पिसवांची अंडी पुढे वाढत नाहीत. थेंब वाळेपर्यंत दोघं वेगळ्या खोल्यांत. दारामागचा आरडाओरडा अख्ख्या आळीला ऐकू जातो.

औषध सुरू झालं तरी लढाई घरात चालूच राहते. जनावराच्या अंगावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे घरातल्या एकूण पिसवांपैकी शेकडा पाचच्या आसपास. बाकी अंडी, अळ्या आणि कोश होऊन गोणपाटात, फरशीच्या फटीत, सोफ्याच्या खाली. कोशातल्या पिसवेला औषध भिडत नाही. ती महिनोन् महिने वाट पाहते आणि उष्णता किंवा पावलांचा हादरा जाणवला की बाहेर उडी मारते. दिवाळीत घर बंद करून आम्ही नाशिकला गेलो होतो. परत येऊन कुलूप काढलं आणि घोट्यांवर काळे ठिपके उड्या मारू लागले. शेरू तर अजून गाडीतच होता! गोणपाट उकळत्या पाण्यातून काढणं, फटींतून रोज झाडू आणि कचरा लगेच घराबाहेर, हे तेव्हापासून माझ्या कामांत आलं. सासूबाईंना पिसू म्हटलं की 1994 चं सुरत आठवतं, लोक गाड्या भरभरून शहर सोडत होते ते. त्यांची भीती अगदीच हवेतली नाही. प्लेग पिसवेतून पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये कराचीत दाखवून दिलं. पण ती उंदराची पिसू, आमच्या शेरूची वेगळी.

गोचिडीबाबत मात्र मी जास्त सावध असते. शेजारचा लॅब्राडोर गोचीडतापाने आडवा झाला, रक्तातल्या प्लेटलेट्स उतरल्या, डॉक्सिसायक्लिनचा चार आठवड्यांचा कोर्स झाला तेव्हा कुठे उठला. सप्टेंबर 2020 मध्ये शेजारच्या पालघर जिल्ह्यात प्रशासनाने काँगो तापाबद्दल सावधगिरीचा इशारा दिला होता. तो पसरवणारी गोचीड गुरांवरची, तरी नुसत्या बोटांनी गोचीड चिरडायची नाही हा नियम दोन्हीकडे एकच. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आजी शेळ्यांच्या गोचिडी काढून थेट चुलीच्या निखाऱ्यात टाकते. माझ्याकडे चूल नाही, म्हणून स्पिरिटची बाटली. टम्म फुगलेली एक मादी हजारो अंडी घालते. त्याच आजीने मला करंजाचं तेल सुचवलं होतं. शेळीला लावत असतील, पण मनी ते चाटणार, म्हणून आमच्याकडे नाही.

जंतांचं वेळापत्रक मला शाळेने दिलं. फेब्रुवारी 2015 मध्ये राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला तेव्हा पहिल्या अकरा राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत महाराष्ट्राबरोबर आमचं दादरा आणि नगर हवेलीही होतं. 10 फेब्रुवारीला आणि 10 ऑगस्टला आम्ही मुलांना अल्बेंडाझोल देतो. अनवाणी फिरणाऱ्या मुलांच्या पायांतून अंकुशकृमी शिरतो, कुत्र्यांचाही एक अंकुशकृमी ओल्या मातीतून माणसाच्या कातडीत घुसून खाजरी रेघ उठवतो. म्हणून त्याच दिवशी संध्याकाळी शेरू आणि मनी यांचीही गोळी, आणि मध्ये मे व नोव्हेंबर. दर तीन महिन्यांचा हिशेब आपोआप बसतो. गोळ्या अर्थात वेगळ्या. एका पालकांनी उरलेली शाळेची गोळी घरच्या कुत्र्याला मागितली होती, मी नाही म्हटलं. अल्बेंडाझोलने कुत्र्या-मांजरांच्या अस्थिमज्जेला इजा होऊ शकते. शेरूच्या गोळीत प्राझिक्वांटेल, पायरँटेल आणि फेबँटेल असतं, दहा किलोला एक. त्यासाठी ह्यांनी शेरूला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि मग स्वतःचं वजन वजा करायचं. दर खेपेला ह्यांचंच वाढलेलं निघतं.

आता प्रश्न फाटकाबाहेरच्या कुत्र्यांचा उरला आहे. ती आमच्या भिंतीलाच टेकून झोपतात आणि त्यांच्या गोचिडी फटींतून आत येतात. डॉक्टरांना विचारून, उकडलेल्या अंड्यात गोळी घालून देता येईल अशी तीन-चार तरी आहेत. खर्च सोसायटीने वाटून घ्यावा असं मी मांडलं. तळमजल्यावरचे एक काका म्हणाले, "वर्गणी गणपतीची मागा, कुत्र्यांची नको." मग मी म्हटलं, गणपतीच्याच वर्गणीत घाला. बैठक येत्या रविवारी आहे आणि वॉचमनकाका माझ्या बाजूने आहेत, कारण रात्री ती कुत्री त्यांच्याच खाटेखाली झोपतात.