दोन रकाने

टीव्हीवरचं क्रिकेट बघणं मी जवळजवळ सोडलंय. म्हणजे अगदी शपथ वगैरे घेतलेली नाही, फायनल असली तर बघतो. पण गेली दोन-तीन वर्षं खरी मजा मला दुसऱ्याच क्रिकेटमध्ये येते. पंधरा-सोळा वर्षांची पोरं, मॅटिंगची विकेट, बाउंड्रीला चुन्याची रेघ, स्कोअररच्या टेबलावर पाण्याचा जग, आणि प्रेक्षक म्हणाल तर दहा-बारा माणसं. त्यातले निम्मे कोणाचे तरी बाबा आणि एक मी. कोणाचा तरी मामा.

आठवडाभर पुण्यात कोड लिहायचा आणि महिन्या-दीड महिन्यातून एकदा शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्स पकडून अंजनगाव सुर्जीला जायचं, असा माझा क्रम आहे. आमचं गाव इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत येऊन जातं : ३० डिसेंबर १८०३, सुर्जी-अंजनगावचा तह, दौलतराव शिंदे आणि इंग्रज. त्यानंतर आमच्याकडे सांगण्यासारखं म्हणजे थेट पानपिंपरी आणि विड्याची पानं :-) गावात क्रिकेटचं वेड मात्र भरपूर. आणि आमच्या ताईच्या घरात सध्या जरा जास्तच, कारण माझा भाचा फास्ट बोलर आहे. वय पंधरा, यंदा दहावी.

त्याचे आकडे मला पुण्यात बसून मोबाईलवर दिसतात. आता गल्लीतल्या मॅचचंसुद्धा स्कोअरिंग ॲपवर होतं. एका रविवारी बघितलं : आठ ओव्हर, एकेचाळीस रन, एक विकेट. सामान्य कामगिरी म्हणून कोणीही पुढं सरकेल. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा मुद्दाम सकाळी सातला मैदानावर जाऊन बसलो. आकडे साधारण तसेच आले. पण दिसलं ते वेगळंच. दोन कॅच स्लिपमध्ये सुटले. चार चौकार बॅटची कड घेऊन गेले. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे चौकार बसल्यावर हे पोट्टं कोणाकडं रागानं बघत नव्हतं. चेंडू पँटला घासत मान खाली घालून शांतपणे रन-अपच्या खुणेपर्यंत चालत जायचं आणि पुढचा चेंडू त्याच टप्प्यावर टाकायचं. ही गोष्ट कुठल्या ॲपमध्ये दिसणार?

पण हे नाण्याची एकच बाजू झाली. प्रत्यक्ष बघण्यानं माणूस फसतोसुद्धा, आणि फार लवकर फसतो.

त्याच मॅचमध्ये समोरच्या टीमचा एक बॅट्समन होता. मिसरूड फुटलेलं, खांदे भरलेले. त्यानं तीन सिक्स असे मारले की बघणारे सगळे म्हणाले, "हा जाते बाप्पा वरपर्यंत!" मीही टाळ्या वाजवल्या. मग जरा निरखून बघितलं तर लक्षात आलं, तो बाकीच्यांपेक्षा फक्त लवकर वाढलाय. सोळा वर्षांखालच्या मुलांत एकाचं शरीर अठराचं असतं आणि दुसऱ्याचं तेराचं. म्हणून तर बीसीसीआय या वयोगटात डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघते. जन्मदाखल्यावरच्या तारखेत गडबड करता येते, हाडांशी नाही करता येत. आणि जन्मतारीख अगदी खरी असली तरी गंमत आहेच. कॅनडात आइस हॉकीच्या पोरांचा अभ्यास झाला तेव्हा वरच्या टीममध्ये जानेवारी-फेब्रुवारी-मार्चमध्ये जन्मलेल्यांचाच भरणा निघाला. कारण साधं. वयोगटाची तारीख १ जानेवारी. जानेवारीतला पोरगा डिसेंबरमधल्यापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठा, म्हणून उंच, म्हणून निवडला जातो, म्हणून त्याला चांगला कोच मिळतो, म्हणून तो खरोखरच चांगला होतो. सुरुवात गुणांनी झालीच नव्हती, कॅलेंडरनं झाली होती!

यावर अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांनी काढलेली एक युक्ती मला फार आवडते. तिथल्या क्लबांना सतरा-अठरा वर्षांच्या हायस्कूलच्या पोरांवर पैसे लावावे लागतात. म्हणून त्यांची माणसं वर्षभर गावोगाव मैदानांच्या कडेला बसून पोरं बघत असतात. ही माणसं प्रत्येक कौशल्याला २० ते ८० मध्ये मार्क देतात. ५० म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमधला सरासरी खेळाडू. आता खरी गोष्ट पुढे आहे. ते आकडा एक लिहीत नाहीत, दोन लिहितात. पहिला आज किती, दुसरा पूर्ण वाढ झाल्यावर किती होईल. एखादं पोर आज ३०, उद्या ६०. दुसरं आज ४५, उद्याही ४५. आज बघाल तर दुसरा भारी. पैसे मात्र पहिल्यावर लागतात.

हे वाचल्यापासून मी एक छोटी वही केली. दोन रकाने : आज आणि उद्या. मिसरूडवाल्याला आज ४५ दिले, उद्या ५०. त्याच टीममध्ये एक किरकोळ लेगस्पिनर होता, पॅड बांधले की पॅडच चालतायत असं वाटावं इतका लहान. त्याला एकही विकेट मिळाली नाही. पण त्याचा चेंडू बॅट्समनच्या डोळ्यांच्या वर जाऊन अचानक खाली पडत होता. त्याला आज २५, उद्या ५५. कुणाला दाखवायचं नाहीये, त्यामुळं बिनधास्त लिहितो.

आता तुम्ही म्हणाल, दुसरा रकाना म्हणजे निव्वळ ज्योतिष. बरोबर आहे. आमच्या विदर्भाचीच उदाहरणं घ्या ना.

उमेश यादव. खापरखेड्याजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. एकोणीस-वीस वर्षांचा होईपर्यंत टेनिस बॉलवरच खेळला. पोलिसात जायचं होतं, जमलं नाही. २००८ मध्ये रणजी आणि २०११ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीला वेस्ट इंडिजविरुद्ध टेस्ट! विदर्भाकडून खेळून टेस्टपर्यंत पोचलेला पहिला माणूस. पंधराव्या वर्षी त्याला कोणाच्या वहीत जागा मिळाली असती? लेदर बॉलच्या मैदानावर तो नव्हताच.

आमच्या अमरावतीचा जितेश शर्मा घ्या. विदर्भाकडून २०१४ मध्ये खेळायला लागला. २०१६ मध्ये मुंबई इंडियन्सनं घेतलं, पण एकही मॅच मिळाली नाही. आयपीएलमध्ये पहिल्यांदा उतरला तो २०२२ मध्ये, पंजाबकडून. भारताची टोपी मिळाली ऑक्टोबर २०२३ मध्ये, तिसावा वाढदिवस तीन आठवड्यांवर असताना. आणि मे २०२५ मध्ये बंगळुरूकडून लखनौविरुद्ध ३३ चेंडूंत नाबाद ८५. त्याचा 'उद्या' उगवायला केवढा वेळ लागला बघा.

आणि उलटही होतं. अकोल्याच्या अथर्व तायडेनं २०१७-१८ च्या मोसमात कूचबिहार ट्रॉफीच्या फायनलला ३२० काढले, १९ वर्षांखालच्या स्पर्धेत. विदर्भ चॅम्पियन. त्याच मोसमात अकोल्याचाच आदित्य ठाकरे रणजीत पदार्पण करतो तेही थेट फायनलला, इंदूरला दिल्लीविरुद्ध! विदर्भ ती फायनल जिंकून पहिल्यांदा रणजी चॅम्पियन झाला, तारीख १ जानेवारी २०१८. त्याच महिन्यात त्याला १९ वर्षांखालच्या वर्ल्ड कपसाठी न्यूझीलंडला बोलावणं आलं. दोघांच्या वाट्याला इतक्या लहान वयात एवढं आलं. तरी अथर्वला आयपीएलची पहिली मॅच २०२३ मध्ये मिळाली. म्हणजे जिथं पोरगं लवकर दिसलं, तिथंही मधली पाच वर्षं घाम गाळावाच लागतो.

कंपनीत मी इंटरव्ह्यू घेतो. पंचेचाळीस मिनिटं, एक प्रॉब्लेम, एक फॉर्म. फॉर्मवर एकच रकाना असतो, आज काय येतं याचा. ज्याला कॉलेजात चांगला लॅपटॉप आणि चांगला सीनियर मिळाला, तो तिथं चमकतो. तालुक्याच्या गावातून आलेला, दोन वर्षांनी त्याच्या पुढं जाऊ शकेल असा पोरगा फॉर्मवर अडखळतो. क्रिकेटमध्ये हेच विकेटच्या रूपानं दिसतं.

भाच्याला घेऊन मी एका रविवारी अकोल्याला गेलो होतो, टर्फवर बोलिंग कशी पडते ते बघायला. आमच्याकडे सगळं मॅटिंगवर. मॅटिंगवर चेंडू चांगला उसळतो, शिलाई पकड घेते, त्यामुळं जरा आखूड टप्पा चालून जातो. टर्फवर तोच चेंडू आरामात पुल होतो, टप्पा पुढं न्यावा लागतो. आणि मॅटिंगवर स्पाइक्स घालत नाहीत, साध्या रबरी तळव्याच्या बुटांत धावतात. उसन्या स्पाइक्समध्ये पहिल्या अर्ध्या तासात तो दोनदा घसरला. नेटच्या मागं उभे असलेले एक सद्गृहस्थ म्हणाले, "पोट्ट्यात दम नाही." मी काही बोललो नाही. दीड तासानं त्याचा टप्पा हातभर पुढं आला होता. कोणी शिकवलं नाही, बघून बघून त्याचं त्यानंच केलं. मी वहीत 'आज' खोडला नाही, पण 'उद्या' वाढवला.

मला वाटतं, दुसरा रकाना फक्त पोराचा नसतोच. अकोल्यातल्या पोराला टर्फ सायकलच्या अंतरावर आहे. आमच्या पोराला अकोटवरून एसटी, जाऊन-येऊन चार तास. नागपूर म्हणाल तर अमरावती ओलांडून अजून दीडशे किलोमीटर. आमच्या लहानपणी मूर्तिजापूरकडं जायला निदान शकुंतला होती, सायकलवाला पुढं जाईल अशा वेगाची. आता तीही बंद. 'उद्या ५५' लिहिताना हे सगळं त्यात धरावं लागतं.

आणि शरीरही. एप्रिलमधल्या एका सराव सामन्यात त्यानं सलग नऊ ओव्हर टाकल्या, विदर्भातल्या उन्हात. सगळे कौतुक करत होते. मला मात्र घाम फुटला. या वयातल्या फास्ट बोलरच्या कमरेच्या मणक्याची हाडं पूर्ण तयार झालेली नसतात. जास्त बोलिंगनं त्यांना बारीक तडे जातात, आणि मग सहा-सहा महिने घरी. इंग्लंडच्या बोर्डानं वयानुसार एका स्पेलमध्ये किती ओव्हर टाकायच्या हे ठरवून दिलंय. आमच्याकडे 'अजून एक टाक ना बे' एवढाच नियम.

मेमध्ये गेलो तेव्हा रात्री जेवणं झाल्यावर ओसरीवर ताई, भाऊजी, भाचा आणि मी बसलो होतो. विषय निघणारच होता. पोराला अकरावीला अकोल्याला ठेवायचं का, खोलीचा आणि मेसचा खर्च झेपेल का, की सरळ सायन्स आणि क्लास लावायचा. भाऊजींची पानपिंपरी गेल्या वर्षी बरी झाली नव्हती, त्यामुळं खर्चाचा आकडा बोलून झाल्यावर सगळे जरा गप्पच झाले. मग भाचाच म्हणाला, "मामा, तुमी एवढे पोट्टे पाहता. खरं सांगा, मायं काई होईन का?"

हो म्हटलं असतं तर घरातले पैसे त्या एका शब्दावर लागले असते. नाही म्हटलं असतं तर पोरानं दुसऱ्या दिवशी बॉल टाकून दिला असता. मी आतून वही आणली आणि त्याचं पान उघडून त्याच्यापुढं ठेवलं. आज ३५, पेननं. उद्या ५५, पेन्सिलनं. दोन रकाने काय ते सांगितलं. उमेशचं सांगितलं, जितेशचं सांगितलं. ज्यांची नावं आपल्याला कधीच कळत नाहीत अशी पोरं त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त असतात, हेही सांगितलं.

तो बराच वेळ पान बघत बसला. मग म्हणाला, "अन् खोडरबर कोनाजवळ हाये?"

ताई हसली. "तुयाच जवळ हाये राजा, आमच्या कोनाजवळ नाही."

मग ठरलं ते असं. दहावी अंजनगावातच, अभ्यासात सूट नाही. महिन्यातले दोन रविवार अकोल्याला टर्फवर, एसटीचे पैसे आणि एक जोड स्पाइक्स मामाकडून. एका स्पेलला सहाच्या वर ओव्हर नाहीत, हे भाऊजी स्वतः त्याच्या सरांना सांगून आले, आणि सरांनी मानलं. अकोल्याला ठेवायचं की नाही, ते दहावीच्या रिझल्टनंतर. तोपर्यंत त्याची उंचीही कळेल.

असो. पुढच्या मॅचेस दिवाळीनंतर आहेत. त्या बाजूला कोणी असाल तर सकाळी सातपर्यंत या, कडुनिंबाच्या सावलीत जागा असते. त्या लेगस्पिनरकडं जरा लक्ष ठेवा. चहा माझ्याकडून.