सव्वा लाखाचा हत्ती

बारामतीहून इंदापूरकडे निघाले की रस्ता बराच वेळ उसातूनच जातो. काटेवाडी जाते, भवानीनगरच्या साखर कारखान्याची चिमणी मागे पडते, सणसर, बेलवाडी, लासुर्णे होते आणि मग ‘जंक्शन’ नावाचे एक गाव लागते. नाव जंक्शन, पण आगगाडीचा कुठे पत्ता नाही! वालचंदनगरचा फाटा फुटतो, एवढेच काय ते जंक्शन. तिथून पुढे अंथुर्णे.

नकाशावर शोधून यावे असे या गावात काही नाही, हे आधीच सांगून टाकतो. किल्ला नाही, लेणे नाही. पण नीरेच्या डाव्या कालव्याने या मुलखाचे दोन भाग कसे केले, ते इथे नुसत्या डोळ्यांनी दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी अमदानीत हा कालवा झाला. त्याचे पाणी पोचते तिथे ऊस आणि केळी, पोचत नाही तिथे कुसळी गवताचा माळ. याच तालुक्यात कडबनवाडीच्या माळावर चिंकारा हरणे आहेत आणि लांडगेही आहेत. आषाढात तुकोबांची पालखी बेलवाडीचे गोल रिंगण आटोपून अंथुर्ण्याला येते, तेव्हा गावाला गाव राहत नाही, पंढरीच होते म्हणा ना. मी गेलो तो पालखी जाऊन महिना लोटल्यावर. रस्ता आता चांगला रुंद चौपदरी झाला आहे आणि श्रावणाची भुरभुर चालू होती.

माझे एक जुने स्नेही तिथे शेती करतात. वय ऐंशीच्या पुढे. सारे गाव त्यांना अण्णा म्हणते. जेवणे झाल्यावर पावसाने कोंडून ठेवलेली माणसे जे करतात तेच आम्ही केले. म्हणजे सारीपाट मांडला. अण्णांनी ट्रंकेतून मखमलीची थैली काढली आणि तीन लांबट फासे पटावर टाकले. सायीसारखा रंग, कडा हाताळून गुळगुळीत झालेल्या, आणि आवाज असा की लाकडाच्या फाशाला तो कधी यायचा नाही. अण्णांचे आजोबा एका संस्थानी सरदाराकडे कारकून होते. त्यांना बक्षीस मिळालेले हे हस्तिदंती फासे.

“काका, हे फासे सध्या आमच्याकडे भांडणाचं कारण आहेत,” अण्णांचा नातू हसत म्हणाला. हा मुलगा शेतकी पदवीधर, स्वभावाने मोकळा. झाले होते असे, की पुण्याहून कोणी एक गृहस्थ जुन्या पितळी समया शोधत आले होते. समया राहिल्या बाजूला, फासे पाहून त्यांनी जी रक्कम सांगितली, तिच्यात दोन एकरांच्या ठिबकाचा खर्च सहज निघाला असता. अण्णांनी साफ नाही म्हटले. २००३ साली सरकारने अशा जुन्या वस्तू जाहीर करायला १८० दिवसांची मुदत दिली होती. तेव्हा अण्णांनी रीतसर अर्ज करून मालकीचा दाखला घेतला होता, आणि त्या वेळीच त्यांना कळले होते की वस्तू घरात ठेवता येते, वारसाने मुलाकडे जाते, पण विकता येत नाही.

नातवाचे म्हणणे वेगळे होते. “तो हत्ती मरून शंभरावर वर्षं झाली असतील. आम्ही काही त्याला मारलं नाही. आता फासे विकले किंवा ट्रंकेत ठेवले, जिवंत हत्तींना त्याचं काय?”

प्रश्न सरळ होता. सरळ प्रश्नाला उडवाउडवीचे उत्तर देऊ नये, असे मला वाटते. दुसऱ्या दिवशी मला तेरला जायचे होतेच. त्याला म्हटले, “चल माझ्याबरोबर. तुला एक बाहुली दाखवतो.” तो गाडी काढून तयार!

इंदापूर सोडले आणि उजनीच्या भरल्या जलाशयाच्या बाजूने भीमा ओलांडली. टेंभुर्णीला चहा घेतला. कुर्डुवाडीला आले की आमच्या पिढीला बार्शी लाईटची आठवण येणारच. १८९७ साली ही अडीच फुटी छोटी गाडी कुर्डुवाडी ते बार्शी धावू लागली आणि पुढे लातूरपर्यंत गेली. आता तिथे मोठे रूळ आहेत. वाटेत मी नातवाला विचारले, “मेलेल्या हत्तीची म्हण ठाऊक आहे का?” त्याने लगेच म्हटली: हत्ती जिवंतपणी लाखाचा, मेल्यावर सव्वा लाखाचा.

वरचा पाव लाख आला कुठून, याचा आपण कधी विचार करीत नाही. तो सुळ्यांचा! ‘हत्तीचे दाखवायचे दात वेगळे’ असेही आपण म्हणतो. त्या बिचाऱ्याचा जीव जातो तो याच दाखवायच्या दातांपायी. सुळ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा कवटीत रुतलेला असतो. म्हणून चोरटे लोक हत्ती मारतात आणि तोंड फोडून सुळा मुळासकट काढतात. त्यातून आपल्याकडच्या हत्तींत मोठे सुळे फक्त नराला, तेही सगळ्या नरांना नाहीत. नेमके नरच टिपले गेले की काय होते, ते केरळातल्या पेरियारच्या जंगलात दिसले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथे वयात आलेल्या एका नरामागे शंभराच्या आसपास माद्या उरल्या होत्या. कळप दिसतात, पण पिल्ले दिसत नाहीत.

आपल्या मुंबईचाही यात हात आहे. मागच्या शतकाच्या आधीच्या शतकात झांझिबारहून गलबते भरून आफ्रिकेचे सुळे मुंबईला उतरत. काही पुढे लंडनला जात, काही इथेच राहत. गुजरात, काठेवाड आणि राजस्थानातल्या लग्नांतले हस्तिदंती चुडे त्यातूनच कातले जात. आपल्या नवरीला हिरव्या काचेचा चुडा चालतो, हे हत्तींच्या दृष्टीने बरेच झाले म्हणायचे! बार्शीच्या स्टँडवर एक वयस्क बंजारा बाई कोपरापासून वर दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या घालून बसली होती. तिच्या पणजीच्या हातात कदाचित हस्तिदंत असेल. हिच्या हातात प्लॅस्टिक होते, आणि त्यामुळे तिचा रुबाब तसूभरही उणा दिसत नव्हता.

येडशीचा डोंगर चढताना मी कायद्याची हकीकत सांगू लागलो. मुलगा लक्ष देऊन ऐकत होता. वन्यजीवांचा कायदा १९७२ चा. १९७७ साली हत्ती त्याच्या पहिल्या परिशिष्टात गेला, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसला. १९८६ मध्ये भारतीय हस्तिदंताचा देशातला व्यापारही बंद झाला. पण एक फट राहिली. आफ्रिकेतून आणलेले हस्तिदंत विकायला मोकळीक होती. आता सांगा, दुकानातल्या कपाटात मांडलेली मूर्ती म्हैसूरकडच्या हत्तीची की केनियातल्या, हे गिऱ्हाईक कसे ओळखणार? आणि तपासायला आलेला अधिकारी तरी कसे ओळखणार? परवाना आफ्रिकेच्या मालाचा आणि माल शेजारच्या रानातला, असे करायला वाट मोकळीच होती. १९९१ साली ही फटही बुजवली. व्यापारी कोर्टात गेले. आम्ही माल रीतसर आणला आहे, धंदा हा आमचा हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने ते १९९७ साली मानले नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली बंदीवर शिक्कामोर्तब केले.

“म्हणजे आमच्या फाशांचंही तेच,” नातू मध्येच म्हणाला. “शंभर वर्षांचे आहेत हे आम्हाला माहीत. पुढच्या गिऱ्हाइकाला काय माहीत!”

मी मान हलवली. त्याच्या पुढचे त्याला ठाऊक नव्हते, ते सांगितले. तुमचे फासे भल्या किमतीला गेले ही बातमी बाजारात फिरते. दुसरा कोणी तशाच फाशांच्या शोधात निघतो. जुने संपले की नवे कोरायचे आणि चहाच्या पाण्यात बुडवून जुने करायचे, यात अवघड काही नाही. त्या नव्या फाशांसाठी सुळा कुठून तरी यावाच लागतो. एक उदाहरण मोठे आहे. २००८ साली आफ्रिकेतल्या चार देशांना साठवलेले सुमारे १०० टन हस्तिदंत चीन आणि जपानला एकदाच विकायची मुभा मिळाली. बाजारात भरपूर माल आला की चोरटी शिकार थंडावेल, असा हिशेब होता. झाले उलटे, पुढच्या वर्षांत आफ्रिकेत शिकारीचा कहर झाला. विक्रीचा त्यात वाटा किती, यावर पंडित अजून भांडतात. पण खुद्द चीनने २०१७ च्या अखेरीस आपल्या देशातली हस्तिदंताची दुकाने बंद केली, यावरून काय समजायचे ते समजावे. केनियाने तर २०१६ साली १०५ टन सुळे नैरोबीजवळ रचून जाळले.

या बंदीत पोळले ते कारागीर, हेही सांगितले पाहिजे. तिरुवनंतपूर, म्हैसूर, दिल्ली, जयपूर इथली पिढ्यान् पिढ्यांची बोटे एका कायद्याने रिकामी झाली. काहींनी चंदन धरले, काहींनी उंटाचे हाड. कायदा करणाऱ्यांनी त्यांची सोय अधिक आस्थेने पाहायला हवी होती, असे माझे मत आहे.

तेर आले तेव्हा पाऊस उघडला होता. तेरणेच्या काठचे हे गाव आज गोरोबाकाकांचे म्हणून ओळखले जाते. पण ग्रीक खलाशी त्याला ‘तगर’ म्हणत. पहिल्या शतकातल्या त्यांच्या एका प्रवासवर्णनात, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे आणि तिथला माल गाड्यांतून भडोचला जातो, असे लिहिले आहे. शेतात नांगर घातला की मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती वर येत. रामलिंगप्पा लामतुरे यांनी हे सारे आयुष्यभर वेचले. त्याच संग्रहाचे आज सरकारी वस्तुसंग्रहालय झाले आहे.

तिथे ती बाहुली आहे. हस्तिदंताची, सातवाहन काळातली, अंगभर दागिने ल्यालेली स्त्री. बहुधा आरशाची मूठ असावी, असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते. तिची जणू बहीण १९३८ साली इटलीत पाँपेईच्या उत्खननात सापडली; इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेखाली गाडली गेलेली. ती आता नेपल्सच्या संग्रहालयात असते. भोकरदनलाही तशाच घडणीची एक मोडकी मूर्ती मिळाली आहे. मराठवाड्यातल्या कुठल्या कोरक्याच्या हाताला इतके कसब होते, त्याचे नाव कुणी लिहून ठेवले नाही.

नातू बराच वेळ तिच्यासमोर उभा होता. मग तिथल्या पहारेकऱ्याला त्याने विचारले, “हिची किंमत किती असेल हो?”

पहारेकरी म्हणाला, “किमतीचं आम्हाला न्हाई म्हाईत. नोंदीत नंबर हाये बघा.”

बाहेर आल्यावर मुलगा गप्पच होता. त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ पाहिले, गोरोबाकाकांच्या समाधीला नमस्कार केला. मग नदीकाठी बसल्यावर त्याने विचारले, की ट्रंकेत ठेवायचे नसेल आणि विकायचेही नसेल, तर तिसरा रस्ता आहे का. आहे. २०२२ च्या दुरुस्तीने तो निघाला. दाखला असलेल्या माणसाला वस्तू आपणहून वन्यजीव खात्याच्या स्वाधीन करता येते. मोबदला मात्र एक दमडीही नाही. “मग ठिबक?” असे म्हणून तो हसला. त्याला मी कुठून उत्तर देणार! कर्ज काढावे लागेल, एवढे त्यालाही ठाऊक होते.

आपल्या महाराष्ट्रात हत्ती फक्त देवळांत आणि मिरवणुकीत, असे समजणाऱ्यांसाठी एक गोष्ट त्याला सांगून ठेवली. २००२ पासून कर्नाटकातले हत्ती तिलारीच्या खोऱ्यात, दोडामार्गकडे उतरतात. २०२१ मध्ये छत्तीसगडातून एक कळप गडचिरोलीत आला. केळीच्या बागा आणि माड लोळवतात, भात तुडवतात. तिथल्या शेतकऱ्याचा संताप खोटा नाही आणि भरपाई वेळेवर मिळाली तर तो निम्मा होईल. पण त्या कळपांत सुळेवाले नर आहेत, आणि रानात रात्री त्यांच्या मागावर कोणी निघावे एवढा भाव देशातल्या कुठल्याही दुकानात उघडपणे मिळत नाही.

निघायच्या आधी त्याने घरी फोन लावला. “आजोबा, तो पुण्याचा माणूस परत आला, तर त्याला फासे दाखवू नका.”

पलीकडून अण्णांचा खणखणीत आवाज मलाही ऐकू आला. “अरे, तो सकाळीच येऊन गेला. चहा पाजला आणि वाटेला लावला. तुम्ही जेवलात का?”

आम्ही जेवलो नव्हतो. तेरच्या स्टँडजवळ गरम भजी मिळाली.