मागचा उजेड

आमच्या गाडीला शेजारी 'जुनी' म्हणतात, मी 'क्लासिक' म्हणतो आणि आमचे चिरंजीव 'भंगार' म्हणतात. २०२१ च्या सरकारी नियमाप्रमाणे पन्नास वर्षं उलटल्याशिवाय गाडीला व्हिंटेज म्हणवून घेता येत नाही. आमची मारुती ८०० सन १९९२ ची. म्हणजे धड पुराणवस्तू नाही आणि धड तरुणही नाही. थोडक्यात, माझ्यासारखीच.

पंधरा वर्षं झाली की गाडीला दर पाच वर्षांनी पासिंगला न्यावं लागतं. २००७ साली नेली, २०१२ साली नेली, २०१७ साली नेली. २०२२ साली पुन्हा पाळी आली आणि नेमकं त्याच वर्षी एप्रिलपासून त्याचं शुल्क सहाशेचं पाच हजार झालं. चिरंजीवांनी फोनवर सगळा हिशेब मांडला आणि म्हणाले, "बाबा, या वेळी नापास झाली तर देऊन टाकायची. कबूल?" मी कबूल म्हणालो. इंजिन खणखणीत होतं, टायर नवे होते. इतकंच काय, पावसाळ्याआधी डिकीतला गंज खरवडून मी स्वतःच्या हाताने आतून रंगही दिला होता.

फक्त रिव्हर्सचे दिवे लागत नव्हते.

आता हा दिवा असा, की ड्रायव्हरला तो कधी दिसतच नाही. त्याला बटण नसतं. रिव्हर्स पडला, की गिअरबॉक्सवरचा एक बोटाएवढा स्विच आतून दाबला जातो आणि दिवा आपोआप लागतो. लागला तर लागला. आणि खरं सांगायचं तर आमच्या घरी त्याचं काही अडतही नव्हतं. सोसायटीतल्या आमच्या जागेत गाडी उलटीच घालावी लागते. डावीकडे खांब, उजवीकडे सेक्रेटरींची नवी कोरी गाडी, मागे भिंत. गेली तीस वर्षं ही मागे उभी राहून "येऊ द्या, येऊ द्या, बास!" म्हणते आणि मी गाडी घालतो. 'बास' आणि भिंत यांच्यात नेहमी चार बोटं अंतर राहतं.

त्या रात्री सोसायटीतले दिवे गेलेले. लग्नाहून उशिरा परतलो होतो. हिचं 'बास' उशिरा आलं की माझा ब्रेक उशिरा लागला, यावर आमचं अजून एकमत नाही. बंपर हिच्या गुडघ्याला टेकला. लागलं काही नाही. पण मी उतरून मागे धावलो तेव्हा ही एका हाताने डिकीला धरून उभी होती आणि काहीच बोलत नव्हती. तीस वर्षांत हिला बोलायला सुचलं नाही, असा हा पहिलाच प्रसंग.

पासिंग गेलं खड्ड्यात, दिवा लागलाच पाहिजे, असं मी त्या रात्री ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डिकी उघडून उभा राहिलो. आपल्याकडे उघड्या डिकीपुढे माणूस एकटा फार वेळ राहू शकत नाही. तळमजल्यावरचे काका आले. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या मते कुठेतरी वायर तुटली होती. दुसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर म्हणाले, "आधी साधी कारणं पाहा. फ्यूज." वॉचमनला उंदराचा संशय होता, कारण त्याच्या केबिनमध्ये उंदीर झाले होते. मेहुण्याने फोनवरूनच निदान केलं : "स्विच. शंभर टक्के स्विच." मेहुण्याकडे गाडी नाही.

मी सगळ्यांचं ऐकलं. बल्ब काढून दोन तारांनी थेट बॅटरीला लावले, लख्ख पेटले. फ्यूज पाहिला, शाबूत. स्विचच्या दोन्ही तारा काढून एकमेकींना जोडल्या. म्हणजे स्विच बिघडला असेल तर त्याला वगळून दिवा लागायला हवा. लागला नाही. अर्थात स्विच निर्दोष होता. तरीही नाना पेठेत जाऊन मी नवा स्विच आणलाच. मेहुण्याचा मान असतो.

या सगळ्या काळात ही मागे उभी राहून दिवा लागतो का ते पाहत होती. पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "अहो, रिव्हर्स टाकलात ना, की ते लाल दिवे मिणमिणतात." मी तिला समजावून सांगितलं, की लाल दिव्यांचा इथे काही संबंध नाही. दुसऱ्या आठवड्यात तिने पुन्हा सांगितलं. मी पुन्हा समजावून सांगितलं. मलाही अधूनमधून मीटरवर अंधूक उजेड पडल्यासारखा वाटे आणि इंडिकेटरची टिकटिक वेगळ्याच तालात ऐकू येई. पण तीस वर्षांच्या गाडीच्या लहरी कोण मनावर घेतो?

पासिंगला चार दिवस उरले तेव्हा हरलो आणि इलेक्ट्रिशियनला बोलावलं. विशीतला पोरगा. मी त्याला बल्ब, फ्यूज, स्विच, उंदीर, सगळा इतिहास ऐकवला. तो ऐकत होता असं वाटलं नाही. शेवटी तो हिच्याकडे वळला. "काकू, तुम्ही मागे असता ना? काय दिसतं?"

हिने लाल दिव्यांचं सांगितलं.

"मग अर्थिंग," तो म्हणाला. "काका, जरा ब्रेक दाबा." मी दाबला. "ब्रेकचे दिवेपण नाहीत तुमचे. कधीपासून?"

कधीपासून, याचा हिशेब मी मनातच केला. तीन आठवडे मी पुण्याच्या रहदारीत ब्रेकच्या दिव्यांवाचून हिंडत होतो आणि रोज भिंतीपुढे उभं राहून रिव्हर्सच्या दिव्याची काळजी करत होतो.

त्याने डिकीतला पुठ्ठा उचलला. मागच्या साऱ्या दिव्यांची एक काळी तार तिथे पत्र्याला स्क्रूने बसवलेली होती. वीज एका तारेने बल्बपर्यंत येते. परतीला वेगळी तार नसते, गाडीचा पत्राच तिची परतीची वाट. त्या स्क्रूखाली रंगाचा जाड, तुकतुकीत थर होता. मीच दिलेला. स्क्रू काढून, खाली नीट दोन हात मारून, वाळल्यावर स्क्रू पुन्हा बसवला होता. रंगातून वीज जात नाही. वाट बंद झाल्यावर बिचारी लाल दिव्यांत शिरून, पुढच्या पार्किंगच्या दिव्यांना आणि मीटरला वळसा घालून घर गाठू पाहत होती.

"कुणी केलं हे?" पोराने विचारलं.

"मागच्या गॅरेजवाल्याने," मी म्हणणार होतो. पण ही बघत होती.

पॉलिशपेपरने त्याने रुपयाएवढी जागा खरवडली, स्क्रू आवळला. पन्नास रुपये. त्याआधीचा माझा खर्च मी इथे सांगत नाही, कारण हे हिच्याही वाचनात येईल.

गाडी पास झाली. साहेबांनी रिव्हर्स टाकायला सांगितला आणि दिवे लागले आहेत असं पाहून शेरा मारला. मला तेवढ्यात टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. चिरंजीवांना कळवलं, ते "बरं" म्हणाले.

त्या रात्री घरी आलो, वळून रिव्हर्स टाकला. भिंतीवर स्वच्छ पांढरा उजेड पडला. खांब दिसला, सेक्रेटरींची गाडी दिसली आणि उजेडाच्या जरा बाजूला, शाल गुंडाळून, ही उभी दिसली.

"आता कशाला उतरलीस खाली?" मी काच खाली करून विचारलं.

"लागतो का ते बघायला," ती म्हणाली. "येऊ द्या. येऊ द्या."