खापरपणजीचं नाव काय?

मुलांनो, एक सोपा प्रश्न विचारते. तुमच्या आजोबांचं नाव सांगा. आलं ना पटकन? आता पणजोबांचं. थोडं डोकं खाजवाल, पण आईबाबांना विचारून सांगाल. आता पणजीचं सांगा बरं!

बसलात ना गप्प? आमच्या घरीही अस्संच झालं.

माझी भाची आठवीत आहे. भाची म्हणजे भावाची मुलगी, मी तिची आत्या. तिला शाळेत वंशवृक्ष काढून आणायला सांगितला होता. कार्डशीटवर झाड काढून झालं, फांद्या झाल्या, चौकटी झाल्या. पुरुषांच्या चौकटी भराभर भरल्या. बायकांच्या चौकटींतली एक मात्र कोरीच राहिली. माझ्या आजोबांची आई, म्हणजे भाचीची खापरपणजी. तिचं नाव घरात कुणालाच माहीत नव्हतं.

खरं तर ही कोरी चौकट मला लहानपणापासून ठाऊक होती. दर पितृपंधरवड्यात श्राद्धाला गुरुजी बाबांना तीन पिढ्यांची नावं विचारत. आईचं नाव बाबा घेत. आजीचं विचारलं की थांबत. गुरुजी म्हणत, "हरकत नाही, गंगा म्हणा." आणि बाबा हळूच "गंगा" म्हणत. आता बाबांनी ब्याऐंशी ओलांडली, तरी दरवर्षी तिथं त्यांचा आवाज बारीक होतोच.

आजोबा चार वर्षांचे असताना त्यांची आई गेली. पुढे घरात सावत्र आई आली. पहिलीबद्दल बोलायचं नाही, असा जणू नियमच झाला. आजोबांना एवढंच आठवायचं, की तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या.

"आत्या, कुठंतरी लिहिलेलं असेलच ना!" भाची म्हणाली. मे महिन्याची सुट्टी होती. बाबा म्हणाले, "मीपण येतो." मग काय, निघालो आम्ही तिघं आमच्या मूळ गावाला.

गाव अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. २०२४ पर्यंत त्याला अहमदनगर म्हणत, आणि बाबा अजूनही नगरच म्हणतात. एस.टी. फाट्यावर सोडते, तिथून दीड मैल पायी. बाबांसाठी रिक्षा केली. पहिला मुक्काम शाळा! कौलारू इमारत, दारात कडुनिंब. मुख्याध्यापक बाईंनी लोखंडी कपाटातून एक जाडजूड रजिस्टर काढलं. याला जनरल रजिस्टर म्हणतात. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची त्यात एक ओळ असते: नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख, कधी आला, कधी गेला आणि का गेला.

सापडले की आमचे आजोबा! १९२१ साली बिगरीत दाखल. जन्मतारीख १ जून १९१४.

भाची पान निरखून बघत होती. मग फिस्सकन हसली. "आत्या, इथं सगळ्यांचाच वाढदिवस एक जूनला!" खरंच, त्या पानावर निम्म्याहून जास्त मुलांचा जन्म एक जूनचा. काय गंमत असेल? शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. जन्मतारीख कुणाला ठाऊक नसे. मास्तर पोराकडे बघून अंदाजानं वर्ष ठरवत आणि शाळेच्या सोयीची तारीख टाकत. तुमच्या आजोबांचा वाढदिवसही एक जूनला असेल, तर केक कापण्यापूर्वी जरा चौकशी करा!

पण त्या रजिस्टरात आईच्या नावाला रकानाच नव्हता. फी कोण भरणार, हे शाळेला हवं होतं. त्यासाठी बापाचं नाव पुरे होतं. आता बघा, महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःच्या नावापुढे आधी आईचं नाव आणि मग वडिलांचं, असा नियम झालाय. आजोबांच्या वेळी तो असता, तर आमचा प्रवास तिथंच संपला असता.

निघताना मुख्याध्यापक बाईंनी सांगितलं, "तालुक्याला जा. चौदा नंबर बघा."

हा चौदा नंबर म्हणजे गाव नमुना नंबर चौदा. शेताचा सातबारा तुम्ही ऐकला असेल. नमुना सात आणि नमुना बारा मिळून तो होतो. तसाच गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदीचा हा चौदावा नमुना. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. गावात कोण जन्मलं, कोण गेलं, ही खबर कोतवाल आणायचा आणि ती त्यात लिहिली जायची.

तालुक्याच्या कचेरीत पहिल्या दिवशी आम्हाला काहीच मिळालं नाही. अर्ज द्या, त्याला कोर्ट फी स्टँप लावा, स्टँपवाला जेवायला गेलाय, उद्या या. दुसऱ्या दिवशी साहेब मीटिंगला. बाबा व्हरांड्यातल्या बाकावर पेपर वाचत बसले. तिसऱ्या दिवशी एका भल्या कारकुनानं रेकॉर्ड रूम उघडली आणि आमच्या गावाचे बस्ते, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, टेबलावर आणून ठेवले. धूळ अशी, की भाचीला ओळीनं सात शिंका आल्या.

बस्ता सोडला आणि आमचे चेहरेच उतरले. सगळं मोडीत! मोडी लिपी पूर्वी सरकारी कामात आणि व्यवहारात सर्रास चाले. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती मागे पडली. आधी कागदभर आडव्या रेघा ओढायच्या आणि मग हात फारसा न उचलता त्या रेघांना अक्षरं लटकवत जायचं. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. शुद्धलेखनात मार्क जाणाऱ्यांना आवडेल अशी लिपी! पण वाचणाऱ्याचा घाम निघतो. कचेरीत मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी येत, त्यांनी मदत केली. २०२३ पासून जातीच्या जुन्या नोंदी शोधण्याचं काम राज्यभर निघालं, तेव्हापासून मोडी जाणकारांना उसंत नाही, असं ते म्हणाले. तुम्हाला शिकायची असेल तर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग भरतात.

१९१४ च्या बस्त्यात आजोबांचा जन्म मिळाला. तारीख होती १७ नोव्हेंबर! शाळेतला एक जून मास्तरांनी मनानंच घातलेला. पण नोंदीत नाव नव्हतं. नुसतं 'अमक्यास मुलगा'. बरोबरच आहे, खबर लगेच द्यायची आणि नाव बारशाला ठेवायचं. १९१६ आणि १९१७ च्या कागदांची वाळवीनं चाळण केली होती. त्यांचं काही वाचता येईना.

मग गुरुजींनी १९१८ चा बस्ता सोडला. आधीची वर्षं पातळ होती, हे वर्ष जाड. ऑक्टोबर आला आणि गुरुजींचा आवाज एकसुरी झाला. "ताप. ताप. ताप. ताप." मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात पानंच्या पानं एकच शब्द.

ती मानमोडीची साथ. पहिलं महायुद्ध संपत आलं होतं, तेव्हा इन्फ्लुएंझाची साथ जगभर पसरली. आपल्याकडे १९१८ च्या जूनमध्ये ती मुंबईत आली आणि पावसाळा सरताना तिनं भयंकर रूप घेतलं. एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली. म्हातारेकोतारेच नव्हे, तर वीस ते चाळीस वयाची धट्टीकट्टी माणसंही फार गेली. २०२० चा कोरोना तुम्हाला आठवतोय, म्हणून तुम्हाला याची थोडी कल्पना येईल.

एका पानावर गुरुजींचं बोट थांबलं. त्यांनी पणजोबांचं नाव वाचलं आणि पुढे वाचलं, "यांची बायको. वय बावीस. ताप."

बस्स. यांची बायको. कोतवालानं खबर दिली, पाटलानं लिहिलं. कोणाच्या घरी माणूस गेलं, एवढं सरकारला कळलं की झालं.

बाबा काही बोलले नाहीत. भाची मात्र पुढची ओळ बघत होती. तिला एव्हाना दोन-चार अक्षरं लागायला लागली होती. "आजोबा, खाली परत तेच नाव आहे." गुरुजींनी वाचलं. दोन दिवसांनंतरची नोंद होती. 'यांची मुलगी. वय दोन. ताप.'

म्हणजे आजोबांना धाकटी बहीण होती! शंभर वर्षांत घरात कुणी तिचा उच्चारही केला नव्हता. मला वाटतं, आजोबांना स्वतःलाच ते माहीत नसावं.

कचेरीबाहेर उसाचा रस घेताना बाबा म्हणाले, "अस्थी नाशिकलाच नेल्या असणार. आपल्याकडे नाशिकच." आणि मग आम्हाला सुचलं, की तीर्थाच्या ठिकाणीही वह्या असतात!

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं नाशिक गाठलं. भांडी बाजारातली तांब्या-पितळेची चकचकीत दुकानं बघत गोदावरीच्या काठी आलो. रामकुंडावर ही गर्दी! कुणी बुडी मारतंय, कुणी नदीत दिवा सोडतंय, कुणी अस्थींचं गाठोडं घेऊन गुपचूप उभं आहे. या कुंडात अस्थी विरघळतात, अशी लोकांची श्रद्धा आहे, म्हणून लांबलांबून माणसं इथं येतात. आलेल्या माणसाच्या कुळाची नावं लिहून ठेवायची ही तीर्थोपाध्यायांची जुनी रीत. यजमान पुन्हा आला तर आपल्याचकडे यावा, दुसऱ्याकडे जाऊ नये, हा त्यातला व्यवहार. पण त्या व्यवहारामुळेच वह्या पिढ्यान् पिढ्या नीट जपल्या गेल्या. हरिद्वारलाही अशाच वह्या आहेत. त्यांच्या मायक्रोफिल्म अमेरिकेतल्या उटाहच्या एका संस्थेनं काढून ठेवल्यात.

"गाव कोणतं? आडनाव? जात?" तीनच प्रश्न. तिसरा प्रश्न भाचीला आवडला नाही. पण गावं आणि जाती वेगवेगळ्या उपाध्यायांत वाटलेल्या, वह्या त्याच क्रमानं लावलेल्या. आणि मुलांनो, हेही लक्षात ठेवा, की या वह्यांत सगळ्यांची नावं नाहीत. इथून हाकेच्या अंतरावर काळाराम मंदिर आहे. तिथं सर्वांना प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. ज्यांना देवळाची पायरी बंद होती, त्यांच्या घरच्या मुलांनी वाडवडील शोधायचे तर शाळेचं रजिस्टर, चौदा नंबर आणि पलटणीतल्या नोकरीचे कागद, तिथंच आधी जायला हवं.

आमच्या गावाचे उपाध्याय एका जुन्या वाड्यात राहतात. लाकडी जिना, वर माळ्यावर कपाटं. त्यांनी लाल कापडात बांधलेली लांबट वही काढली. हातकागद, काळीभोर शाई, आजही तुकतुकीत.

"साल सांगा."

"१९१८," मी म्हणाले.

"शके सांगा!" ते हसले. सनातून ७८ वजा केले की शके मिळतो. जानेवारी ते गुढीपाडवा एवढ्या दिवसांसाठी मात्र ७९ वजा करायचे. भाचीनं बोटांवर हिशेब केला. "१८४०!"

उपाध्याय पानं उलटत गेले. शके १८४०, कालयुक्त नाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. डिसेंबर १९१८. खाली पणजोबांची स्वतःची सही. वेडीवाकडी, मोडीत. वर उपाध्यायांच्या पणजोबांच्या हातचा मजकूर. ते सावकाश वाचू लागले. गाव. पणजोबांचं नाव. त्यांच्या वडिलांचं, आजोबांचं. दोन भाऊ. पुत्र, म्हणजे आमचे आजोबा. आणि मग, "भार्येच्या अस्थी घेऊन आले. भार्येचे नाव..."

त्यांनी नाव वाचलं.

बाबांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला आणि म्हणाले, "परत एकदा वाचा."

तिचं माहेरचं नाव, माहेरचं गाव त्यात नव्हतं. दोन वर्षांच्या मुलीबद्दलही एक अक्षर नव्हतं. भाचीनं पुन्हा पुन्हा विचारलं. उपाध्यायांनी मागची पुढची पानं बघितली. नाहीच.

मग त्यांनी कोरं पान काढलं आणि बाबांपुढे ठेवलं. आता आमची नोंद! बाबांनी गाव लिहिलं, आईचं नाव लिहिलं, भावाचं आणि वहिनीचं लिहिलं. मला लिहिता येईना, कारण माझं सासर वेगळं. माझी वही सासरच्या गावाच्या उपाध्यायांकडे! मला जरा रागच आला, पण वहीशी काय भांडणार?

"नातवंडं?" उपाध्यायांनी विचारलं.

"ही एक," बाबा म्हणाले.

"मी लिहू?" भाचीनं विचारलं. उपाध्यायांनी पेन तिच्या हातात दिलं. तिनं स्वतःचं नाव लिहिलं, पुढे जन्मतारीखही लिहिली. मग क्षणभर थांबून खाली आणखी एक ओळ लिहिली: 'शके १८४०, एक मुलगी, वय दोन.' उपाध्यायांनी ती वाचली आणि काही न बोलता वही वाळायला उघडी ठेवली.

खापरपणजीचं नाव मी इथं छापलेलं नाही. बाबांनी बजावून ठेवलंय, येत्या पितृपंधरवड्यात आधी ते म्हणणार. मग भाची चौकटीत लिहिणार.

वंशवृक्ष शाळेत द्यायची तारीख केव्हाच उलटून गेली, पण तिच्या बाईंनी मुदत वाढवून दिली आहे.