चाप हलका करण्याआधी

बंदुकीच्या ट्रिगरला मराठीत चाप म्हणतात आणि स्प्रिंगला उर्दूत कमानी. चाप म्हणजे संस्कृतात धनुष्य. कमान म्हणजे फारसीत तेच. दोन्ही भाषा शिकवणाऱ्या माझ्यासारख्या मास्तरला याची गंमत वाटते. पण या उन्हाळ्यात हे दोन शब्द आमच्या घरात वादाचं कारण झाले.

माझे एक खालाजाद भाऊ ठेकेदारी करतात. आम्ही त्यांना भाईजान म्हणतो. त्यांच्याकडे परवान्याचं .३२ बोअरचं छोटं पिस्तूल आहे. त्याचा चाप त्यांना जड वाटतो. "मास्तर, बोट दुखतं. व्हिडिओत बघितलं, दोन स्प्रिंगा बदलल्या की लोण्यासारखा चालतो," असं ते म्हणाले. त्यांचा मुलगा दहा मीटर एअर पिस्तूल खेळतो. त्यानेही री ओढली, "चाचा, माझ्या पिस्तुलाचा चाप तर अर्ध्या किलोचा आहे. अब्बांचा कशाला जड हवा?"

पोराचा प्रश्न चुकीचा नव्हता, म्हणून मी नीट वाचून घेतलं.

नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत दहा मीटर एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅमचा आणि २५ मीटर पिस्तुलाचा किमान १००० ग्रॅमचा असावा लागतो. तपासणी साधी असते. पिस्तूल उभं धरून चापाला वजन अडकवतात आणि उचलतात. चाप सुटला नाही पाहिजे. स्पर्धा संपल्यावरही चिठ्ठ्या टाकून काही खेळाडूंचा चाप तपासतात आणि वजन कमी भरलं तर खेळाडू बाद होतो. म्हणजे ज्या खेळात हलका चाप लागतो, त्या खेळानेही "याच्या खाली नाही" अशी रेघ मारून ठेवली आहे.

२०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच २५ मीटर प्रकारात आपल्या अनिसा सय्यदने वैयक्तिक सुवर्ण मिळवलं आणि कोल्हापूरच्या राही सरनोबतसोबत जोडीचं सुवर्णही. अनिसाचे गुण होते ७८६.८. आपल्या लोकांना तो आकडा वेगळा सांगायला नको! पुढे २०१८ च्या आशियाई स्पर्धेत राहीने सुवर्ण जिंकलं. दोघींच्या बोटाखाली किलोभर वजनाचा चाप होता. पण तो कुठे होता, हे मी पोराला विचारलं. रेंजवर. नळी कायम निशाण्याकडे, हुकूम झाल्यावरच गोळी भरायची, आजूबाजूला पंच. भाईजानचं पिस्तूल असतं कमरेला, नाहीतर कपाटात. त्या घरात दोन लहान मुलं आहेत.

आता स्प्रिंगांचं. पिस्तुलात चाप जड करणारी स्प्रिंग एकच नसते. एक स्प्रिंग चाप परत जागेवर आणते. दुसरी हातोड्याला किंवा पिनेला जोर देते. काही पिस्तुलांत तिसरी एक बारीक स्प्रिंग पिनेचा अडसर धरून ठेवते, म्हणजे पिस्तूल हातातून पडलं तरी गोळी सुटत नाही. पहिली कमजोर केली तर चाप पुढे येईलच याची खात्री राहत नाही. दुसरी कमजोर केली तर काडतुसाच्या टोपीवर ठोका हलका बसतो आणि नेमक्या वेळी गोळी उडतच नाही. तिसरी कमजोर केली तर काय होईल, ते सांगायला नको.

शिवाय स्प्रिंगचा हिशोब डोळ्यांना फसवतो. तिचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर ठरतो. तार दहा टक्के बारीक घेतली की ताठपणा दहा टक्के नाही, सुमारे चौतीस टक्के घटतो. पाकिटातल्या दोन स्प्रिंगा सारख्याच दिसतात, पण त्यांचं काम सारखं नसतं.

मग चाप जितका जड तितकं बरं का? तसंही नाही. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी चुकून गोळी सुटू नये म्हणून आपल्या पिस्तुलांचे चाप मुद्दाम जड करून घेतले होते, सुमारे १२ पौंडांचे, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. ऑगस्ट २०१२ मध्ये एम्पायर स्टेट इमारतीसमोर दोन पोलिसांनी एका खुन्यावर १६ गोळ्या झाडल्या आणि नऊ वाटसरू जखमी झाले. जड चाप ओढताना नेम हलतो, अशी टीका तेव्हा झाली. म्हणून भाईजानची तक्रार मी उडवून लावली नाही. बोट दुखतं हे खरं आहे.

पण आपण राहतो बीड जिल्ह्यात. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि त्यानंतर जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांची चर्चा राज्यभर झाली. प्रशासनाने अनेक परवाने रद्द केले. आपल्याकडे पिस्तूल पुष्कळदा स्वसंरक्षणापेक्षा दाखवण्यासाठी असतं. लग्नाच्या वरातीत हवेत गोळीबार करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, तरी हौस फिटत नाही. अशा हातांत हलका चाप म्हणजे वरातीतल्या कुणाच्या तरी लेकराचा जीव. आणि शस्त्राची दुरुस्ती करायलाही १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. व्हिडिओ बघून घरच्या टेबलावर करायचं हे काम नाही.

आपल्या दीनमध्ये यावर फार जुनी शिकवण आहे. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जायचं असेल तर त्याचं टोक हातात धरावं, कुणाला लागू नये, असं हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी सांगितलं. गंमतीतही भावाकडे शस्त्र रोखू नये, हेही सांगितलं. बाळगणाऱ्याची सोय नंतर, जवळून जाणाऱ्याची सलामती आधी.

भाईजानना मी तीन गोष्टी सुचवल्या. पिस्तूल परवानाधारक कारागिराकडून साफ करून घ्या, कारण साचलेल्या मळानेही चाप जड लागतो. स्प्रिंग बदलायचीच वेळ आली तर मूळ मापाचीच घाला. आणि बोटाला सवय हवी असेल तर मुलासोबत महिन्यातून दोनदा रेंजवर जा. साफसफाई त्यांनी करून घेतली. चाप थोडा सुधारला, असं ते म्हणतात. रेंजवर अजून गेलेले नाहीत. स्प्रिंगांचं पाकीट मागवायचा विचारही त्यांनी पूर्ण सोडलेला नाही. पण मागच्या जुम्याला भाभींनी सांगितलं की कपाटाला नवं कुलूप लागलं आहे आणि काडतुसं आता वेगळ्या पेटीत ठेवली जातात. वादाचं एवढं फळ मला पुरेसं आहे.