शाळेची घंटा

शाळेची घंटा ऐकणाऱ्याला एक वाटते आणि वाजविणाऱ्याला दुसरीच. आमच्या नांदेडच्या शाळेत घंटा म्हणजे तुळईला टांगलेला लोखंडी रुळाचा तुकडा. शिपाई रजेवर असला की तो ठोकण्याचा मान माझ्याकडे येतो आणि खरे सांगायचे तर मला तो आवडतो. चार ठोके पडले की शे-दीडशे पोरे जागच्या जागी गप्प उभी राहतात. एवढा दरारा मला घरात नाही आणि प्रकाशकाकडे तर मुळीच नाही!

परंतु यंदाच्या उन्हाळ्यात या घंटेनेच मला धडा शिकविला, तो असा.

माझी धाकटी बहीण लातूरला दिलेली. तिच्या मुलाला आम्ही बाळराजे म्हणतो. बाळराजांना सहावे वर्ष लागले, पण बोलणे मोजके. हाक मारली तर वळून पाहतील याची शाश्वती नाही. काड्यापेट्या मात्र अशा ओळीने लावतील की रेषा चुकायची नाही. आणि एखादी कोणी हलविली तर घर डोक्यावर. डॉक्टरांनी याला स्वमग्नता म्हणतात असे सांगितले. एप्रिलात बहिणीचा फोन आला, "दादा, जूनमध्ये ह्याला पहिलीत घालायचं. एका शाळेनं जागा भरल्या म्हणून सांगितलं. दुसरी घेते म्हणते. पण हा बसंल का रे तिथं?"

भाच्याने सुट्टीत मामाच्या गावी जावे अशी रीत. यंदा मामाच भाच्याच्या गावी निघाला. लोहा, अहमदपूर, चाकूर करीत यष्टी लातूरला पोचेपर्यंत उन्हाने जीव नकोसा झाला. पण उन्हापेक्षा एक जुनी आठवण अधिक भाजत होती.

बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. घंटा झाली की तो दोन्ही कानांवर हात दाबून भिंतीशी बसे. मला तो आगाऊपणा वाटला. एके दिवशी मी त्याचे हात कानांवरून ओढून काढले आणि त्याला प्रार्थनेच्या रांगेत उभे केले. तो जे ओरडला ते अजून माझ्या कानांत आहे. आठवडाभराने त्याचे शाळेत येणे थांबले. बाप बदलीवर गेला असेल, अशी मी मनाची समजूत घातली. चौकशी केली नाही. कादंबऱ्या लिहिताना परक्या माणसांच्या मनात शिरतो म्हणून मिरविणारा मी, आणि समोरच्या पोराच्या कानांत काय होते आहे हे मला कळले नाही!

बहिणीच्या घरी आणखी एक दुखणे होते. पोर असे का, याचा निकाल शेजारणींनी केव्हाच लावला होता: आईने जवळ घेतले नाही, मोबाइल हातात दिला, म्हणून! माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. पण हा आरोप जुना आहे एवढे मी वाचले होते. 1943 साली अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी अशा अकरा मुलांचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. पुढे कित्येक वर्षे तिकडचे मोठमोठे विद्वानही आईच्या थंडपणाला बोल लावीत राहिले. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलँड यांनी पुस्तक लिहून ते मत खोडले. ते स्वतः मानसशास्त्रज्ञ, आणि अशाच एका मुलाचे बाप. ही जडणघडण जन्मापासूनची असते, आईच्या मायेशी तिचा संबंध नाही. हे मी सांगितले तेव्हा बहीण काही बोलली नाही. भाकरी थापताना तिचा हात मात्र थोडा वेळ परातीतच राहिला.

मग आम्ही तयारीला लागलो. माझी कल्पना अशी की तयारी म्हणजे पाटी, पेन्सिल आणि बाराखडी. दोन दिवसांत कळले की बाळराजांना अक्षरे कधीचीच येतात. येत नव्हती ती शाळा. म्हणून शाळेचेच तुकडे केले. सुट्टीतल्या रिकाम्या शाळेत रोज सकाळी त्यांना घेऊन जायचे. पहिल्या दिवशी फक्त फाटक. दुसऱ्या दिवशी पटांगण. मग वर्ग, मग बाक, मग पाण्याची टाकी. शाळेच्या संडासाशी ओळख व्हायला चार दिवस लागले. आपण मोठी माणसे या गोष्टीचा विचारही करीत नाही, आणि पोर बिचारे दिवसभर कळ सोसते. गणवेशाचे कापड टोचत होते. तो आठ-दहा वेळा धुऊन मऊ केला, मानेजवळची पट्टी उसवून टाकली. डब्यात दशमी चालते, खिचडीचा वास चालत नाही, हेही ध्यानात आले.

घंटा मात्र चालेना. शिपायाने एक हलका ठोका दिला आणि राजे पळत सुटले ते थेट रस्त्यावर. त्या रात्री बहीण म्हणाली, "दादा, राहू दे. नाही झेपायचं त्याला."

वाट दाखविली ती बाळराजांनीच. मी आल्यापासून ते माझ्या तिकिटाशी खेळत होते आणि मीच सांगितलेली गावे जपासारखी घोकीत होते, "नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर." पुढे काय येणार हे ठाऊक असले की ते शांत असतात. मी पुठ्ठ्याची पाटी केली, यष्टीवर असते तशी, आणि तिच्यावर शाळेचे थांबे काढले: घंटा, प्रार्थना, हजेरी, धडा, छोटी सुट्टी, घर. प्रत्येक थांब्याला एक चित्र. घंटा हाही एक थांबा आहे, ती येते आणि जाते. मग हातोडी त्यांच्याच हातात दिली. स्वतः वाजविलेल्या घंटेला त्यांनी एकदाही कान झाकले नाहीत. इतरांनी वाजविली तर झाकतात, झाकू द्यावेत.

वर्गाच्या बाईंना मी एक कागद लिहून दिला. अंगाला एकदम हात लावू नये. एका वेळी एकच गोष्ट सांगावी. डोळ्यांत पाहत नाही म्हणजे ऐकत नाही असे नव्हे. फार गलबला झाला तर दाराजवळ बसू द्यावे. बाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, "मास्तर, मला ह्यातलं काही शिकवलेलं नाही. पण हा कागद मी टेबलाच्या काचेखाली ठेवते." मला एवढे पुरे होते. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क 2009 च्या कायद्याने दिला आहे. 1995 च्या अपंगांविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते, ते 2016 च्या कायद्यात आले. लातुरात अशा मुलांसाठी उमंग हे केंद्रही उभे राहिले आहे. परंतु कायदा पोराला फाटकापर्यंत आणतो. तिथून बाकापर्यंत कुणीतरी बोट धरावे लागते.

जूनच्या मध्याला शाळा उघडल्या. माझीही उघडली, त्यामुळे पहिल्या दिवशी मी नांदेडलाच. ठरले होते की पहिला आठवडा एकच तास बसायचे. मधल्या सुट्टीत बहिणीचा फोन आला. प्रार्थनेला राजे कान झाकून उभे होते, पण उभे होते. हजेरीला बोलले नाहीत. बाईंनी वाट पाहिली आणि पुढचे नाव घेतले. तास संपला तेव्हा बहीण फाटकात उभी होती. तिला पाहून त्यांनी पुठ्ठ्यावरच्या घराच्या चित्रावर बोट ठेवले आणि म्हणाले, "लातूर आलं."

असे प्रत्येक दिवशी होते असे नाही. ऑगस्टात दोन आठवडे ते शाळेचे नाव काढू देत नव्हते. दिवाळीच्या फटाक्यांचे काय करावे याची आम्हांला आतापासून धास्ती आहे. यंदा बहिणीच्या दारात फक्त पणत्या लागतील, ओळीने, आणि त्या कोण लावणार हे सांगायला नको.

शिपाई अजूनही अधूनमधून रजेवर जातो. मी घंटा वाजवितो. पण आधी पटांगणावर नजर फिरवितो, कुणाचे हात कानांकडे जातात का ते पाहतो. तो भिंतीशी बसणारा मुलगा आता अठरा-वीस वर्षांचा असेल. कुठे आहे, ठाऊक नाही. त्याच्यासाठी मी आता एवढेच करू शकतो की ठोका हलक्या हाताने द्यायचा.